वर्गमित्रांचा मेळावा शुक्रवारीच घ्यावा

आमच्या उर्दू शाळेतील दहावीच्या वर्गाचा मेळावा ठरतो आहे. वार रविवार आणि वर्गणी प्रत्येकी एक हजार रुपये. माझा दोन्हींना विरोध आहे.

मालेगावचे यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात, रविवारी नाही. मागावरची मजुरी विणलेल्या मीटरवर मिळते. म्हणजे आमचा कारागीर मित्र रविवारी आला तर दिवसाची मजुरी घालवणार आणि वर हजार रुपये देणार. तो येणारच नाही. विचारले तर ‘तब्येत बरी नव्हती’ म्हणेल. मग उरणार आम्ही सूतवाले आणि कापडवाले. आमचा मेळावा तर बाजारात रोजच भरतो.

एकाच तरटपट्टीवर बसलेल्यांना वर्गणीने वेगळे करू नये. मेळावा शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजनंतर घ्यावा. दाराशी बंद पेटी ठेवावी. ज्याला जे जमेल ते त्याने टाकावे, नावे वाचू नयेत. कमी पडेल ते आम्ही व्यापाऱ्यांनी गुपचूप भरावे. त्या दिवशी उधारीचा विषय कोणी काढू नये.

बिर्याणी नसली तरी चालेल, चहा-खारी पुरे. पण हजेरी पूर्ण वर्गाची लागली पाहिजे.