झाडाला उजेड, आणि आपल्याला?

मैत्रिणींनो, आपल्या गुलमंडीकडच्या कितीतरी जुन्या घरांत बैठकीत लख्ख उजेड आणि मागच्या स्वयंपाकघरात भरदिवसा दिवा! तिथे हौसेने तुळस ठेवावी, तर महिनाभरात ती माना टाकते. मग आपण म्हणतो, "माझ्या हाताला गुणच नाही." दोष हाताचा नसतो गं, उजेडाचा असतो.

रोप आणण्याआधी दुपारी दिवा मालवून त्या जागी पांढऱ्या कागदावर हात धरून बघा. पुसट सावली पडली, तर स्नेक प्लांट, झेडझेड किंवा मनीप्लांट तग धरेल. सावलीच दिसली नाही, तर रोपाचे हाल करू नका. कमी उजेडात झाड पाणीही कमी पितं. माती कोरडी झाल्यावरच घाला, नाहीतर मुळं कुजतात. पानं मात्र लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका. आणि दोन कुंड्यांनी हवा शुद्ध होत नाही. १९८९चा 'नासा'चा प्रयोग बंद पेटीतला होता.

झाडाला उजेड हवा, हे घरात सगळ्यांना पटतं. त्याच खोलीत दिवसभर राबणाऱ्या बाईलाही तो हवा, हे कोण बोलतं? पुढच्या वेळी घराचं काम निघालं, की आधी स्वयंपाकघरासाठी खिडकी मागा. कुंडी मग ठेवू!