हेगची तारीख

कोर्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सनी देओल! पण लायडनला इंटरनॅशनल क्रिमिनल लॉ शिकणारी माझी मैत्रीण म्हणते, 'डच कोर्टात ड्रामाच नाही गं!' तिथे ज्युरी १८१३ मध्येच गेली. साक्षीदारांचे जबाब बहुधा आधीच कागदावर. न्यायाधीश फाइल वाचूनच येतात. 'ऑब्जेक्शन, मिलॉर्ड' वगैरे विसरा.

ट्रेनने जेमतेम पंधरा मिनिटांवर हेग. तिथल्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात मात्र सगळं उलटं. काँगोचा थॉमस लुबांगा २००६ मध्ये त्यांच्या ताब्यात आला. लहान मुलांना युद्धात उतरवल्याबद्दल दोषी ठरायला २०१२ उजाडलं! 'तारीख पे तारीख' पाठ असलेली ही पुणेकरीणसुद्धा वैतागते. पण गॅलरीत काचेमागे हेडफोन लावून बसलं, आणि चेहरा झाकलेला, आवाज बदललेला साक्षीदार बोलायला लागला, की घड्याळ बघावंसं वाटत नाही म्हणे.

गोची वेगळीच आहे, बॉस. या कोर्टाच्या रोम करारावर भारताची सहीच नाही. मग एवढं लोन काढून शिकलेला कायदा पुण्यात कुठे चालवणार? तिचे बाबा दर रविवारी फोनवर हेच विचारतात. तिने सध्या डचचा क्लास लावलाय. बाबांना अजून सांगितलेलं नाही.