वेदनाशामकांची नशा आणि उताऱ्याचे औषध : चेन्नईपुढील प्रश्न

टॅपेन्टाडॉल या तीव्र वेदनाशामकाच्या गोळ्या नशेसाठी विकल्या जात असल्याची प्रकरणे चेन्नईत गेल्या काही वर्षांत सातत्याने उघडकीस आली आहेत. गोळ्या जप्त होतात, विक्रेत्यांना अटक होते आणि काही दिवसांनी पुन्हा तशीच बातमी येते. या गोळ्या पाण्यात विरघळवून शिरेत टोचून घेतल्याने तरुण दगावल्याच्या घटनाही नोंदल्या गेल्या आहेत. कारवाईची चर्चा भरपूर झाली. मात्र श्वास मंदावलेल्या माणसाला वाचवणारे जे औषध वैद्यकशास्त्रापाशी आहे, त्याची चर्चा फारशी झालेली नाही.

या औषधाचे नाव नॅलॉक्सोन. अफूवर्गीय औषधे मेंदूतील ज्या ग्राहींना चिकटून श्वसन मंदावतात, त्याच ग्राहींवरून त्यांना हटवून नॅलॉक्सोन ती जागा घेते. शिरेतून दिल्यास एक-दोन मिनिटांत आणि स्नायूत टोचल्यास साधारण पाच मिनिटांत परिणाम दिसू लागतो. अमेरिकेत १९७१ पासून ते वापरात आहे. भारताच्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीतही त्याचा समावेश आहे.

चेन्नईच्या दृष्टीने हा विषय नवा नाही. सुईद्वारे अमली पदार्थ घेणाऱ्या १,१५८ व्यक्तींचा २००५ ते २००८ या काळात या शहरात पाठपुरावा करण्यात आला होता. त्यात ८५ जणांचा मृत्यू झाला. हे सारे एचआयव्ही संसर्गाच्या चिंतेचे दिवस होते. देशातील पहिल्या एचआयव्ही संसर्गाचे निदान १९८६ मध्ये याच शहरात झाले होते. तरीही मृत्यूच्या कारणांत एड्सचा क्रमांक दुसरा लागला. त्याने १४ जण दगावले होते. अमली पदार्थाच्या अतिमात्रेने त्याहून अधिक, म्हणजे २२ जणांचा बळी घेतला होता. त्या काळात सुईची स्वच्छता आणि रक्तचाचण्या यांवर मोठा खर्च झाला आणि तो योग्यच होता. अतिमात्रेच्या मृत्यूंकडे मात्र त्या प्रमाणात लक्ष गेले नाही.

उताऱ्याचे औषध आहे म्हणजे धोका टळला, असा समज होणेही तितकेच घातक ठरेल. नॅलॉक्सोनचा प्रभाव साधारणपणे अर्धा ते दीड तास टिकतो. पोटातील गोळ्यांचा अंमल, विशेषतः हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांचा, त्यापेक्षा बराच अधिक काळ राहतो. त्यामुळे शुद्धीवर आलेला, बोलू लागलेला रुग्ण घरी नेल्यानंतर पुन्हा बेशुद्ध होऊ शकतो. त्याला काही तास रुग्णालयात देखरेखीखाली ठेवणे आवश्यक असते, आणि नेमक्या याच वेळी तो निघून जाण्याचा हट्ट धरतो. कारण औषधाने त्याची नशा एकाएकी उतरवलेली असते. घाम, उलट्या, अंगदुखी व चिडचिड सुरू झालेली असते. म्हणून अनुभवी डॉक्टर थोडी थोडी मात्रा देतात. रुग्ण खडखडीत जागा व्हावा हा हेतू नसतो. त्याचा श्वास नीट चालू राहणे पुरेसे असते.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. नॅलॉक्सोन केवळ अफूवर्गीय औषधांवर काम करते. पॅरासिटॅमॉलच्या अतिमात्रेवर त्याचा उपयोग नाही. तेथे ॲसिटिलसिस्टीन हे वेगळेच औषध द्यावे लागते. झोपेच्या गोळ्यांवरही ते निष्प्रभ ठरते, आणि नशेसाठी अनेकदा दोन्ही प्रकारच्या गोळ्या एकत्र घेतल्या जातात. ट्रॅमाडॉल व टॅपेन्टाडॉल यांची क्रिया दुहेरी असल्याने त्यांचा परिणाम नॅलॉक्सोनने पूर्णपणे पुसला जात नाही. ट्रॅमाडॉलच्या विषबाधेत तर झटके येण्याचा संभव असतो, तिकडेही लक्ष ठेवावे लागते. ज्याने अफूवर्गीय औषध घेतलेलेच नाही, त्याला नॅलॉक्सोनने सहसा अपाय होत नाही, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी बाब. पण औषध हाताशी असो वा नसो, रुग्णाला कुशीवर वळवून श्वासमार्ग मोकळा ठेवणे, श्वास थांबल्यास कृत्रिम श्वास देणे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावणे, ही कामे आधी करावी लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच शिफारस केली होती की, अतिमात्रेचा प्रसंग ज्यांच्यासमोर घडण्याची शक्यता असते, अशा मित्रांना व कुटुंबीयांना नॅलॉक्सोन उपलब्ध करून द्यावे आणि त्याच्या वापराचे प्रशिक्षणही द्यावे. अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये नाकात फवारण्याचे नॅलॉक्सोन चिठ्ठीविना विकण्यास परवानगी मिळाली. भारतात मणिपूर व नागालँडमधील स्वयंसेवी संस्थांनी या दिशेने काम केले आहे. इतरत्र मात्र हे औषध प्रामुख्याने रुग्णालयातील इंजेक्शनच राहिले आहे, आणि चेन्नईतील तरुण बेशुद्ध पडतो तो रुग्णालयात नव्हे.

पुरवठ्याच्या बाजूनेही कोडे सुटलेले नाही. ट्रॅमाडॉल एप्रिल २०१८ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आणले गेले, तेव्हा टॅपेन्टाडॉल बाहेरच राहिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्रातील एका कंपनीची टॅपेन्टाडॉल व कॅरिसोप्रोडॉल यांचे मिश्रण असलेली उत्पादने पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी विकली जात असल्याचे बीबीसीने उघड केल्यावर केंद्रीय औषध नियंत्रकांनी त्या मिश्रणाच्या उत्पादनावर व निर्यातीवर बंदी घातली. निर्बंध कडक करताना एक जुना अनुभव ध्यानात घ्यावा लागेल. कठोर परवाना पद्धतीमुळे कर्करोगाच्या रुग्णांना मॉर्फिन मिळणे वर्षानुवर्षे दुरापास्त झाले होते आणि ते सुकर करण्यासाठी २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली.

राहता राहिला सोबत्यांचा प्रश्न. मित्र बेशुद्ध पडला की पोलिसांच्या भीतीने सोबतचे पळ काढतात. रस्ते अपघातातील जखमीला मदत करणाऱ्यास २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. अतिमात्रेच्या रुग्णासाठी १०८ ला दूरध्वनी करणाऱ्याला ही तरतूद लागू होत नाही.