उतारवयांतील विद्यार्थिदशा

सदुसष्टाव्या वर्षीं आम्ही कन्येजवळ 'हास्केल' ही संगणकभाषा शिकूं लागलों. तर्कशास्त्रज्ञ हास्केल करी यांचें नांव धारण करणारी ही भाषा १९९० सालीं प्रसिद्ध झाली. तींत बरोबरीचें चिन्ह ही आज्ञा नसून व्याख्या होय. एकदां ठरलेलें मूल्य बदलत नाहीं.

पांचाचा क्रमगुणित, म्हणजे ५×४×३×२×१, काढावयाचा होता. 'संख्येचा क्रमगुणित म्हणजे ती संख्या गुणिले तिच्या आधींच्या संख्येचा क्रमगुणित' एवढेंच सूत्र आम्ही लिहिलें. यंत्र शून्याखालीं उतरतच राहिलें, उत्तर येईना.

कन्या म्हणाली, "बाबा, थांबावयाचें कोठें? शून्याचा क्रमगुणित १, हें आधीं सांगा." सांगितलें, १२० आले.

अशाच विसरभोळेपणासाठीं बाळपणीं आम्ही तिला उठाबशा काढावयास लाविल्या होत्या! तिनें मात्र हंसून समजाविलें. वाचकहो, अध्यापन आम्हांस आतां कोठें उमगूं लागलें आहे.