जुना कॅमेरा घेताय? आधी रोलचा हिशोब मांडा!

रील्स स्क्रोल करताना तो व्हिडिओ एकदा तरी तुमच्यासमोर आलाच असेल. कुणीतरी जुना काळा-चंदेरी कॅमेरा हातात धरतं, अंगठ्यानं लिव्हर ओढतं, बारीकसा ‘खट्’ आवाज येतो आणि मग स्क्रीनवर जरा धूसर, जरा पिवळसर, पण बघत राहावा असा फोटो. खाली कमेंट ठरलेली, ‘भावा, कितीला पडला?’

प्रश्न बरोबर आहे. उत्तर मात्र बहुतेक वेळा अर्धंच मिळतं. कारण कॅमेऱ्याचे पैसे एकदाच मोजावे लागतात, रोलचे दर महिन्याला. आणि तुम्ही नांदेडात किंवा लातुरात राहून, मेस, रूमभाडं आणि क्लासच्या फीमधून चार पैसे बाजूला काढून हा शौक करणार असाल, तर हिशोब पुण्या-मुंबईच्या पोरापोरींपेक्षा वेगळा मांडावा लागतो. तोच आज मांडूया.

संपलेली फिल्म परत कशी आली?

२००९मध्ये कोडॅकनं आपली प्रसिद्ध कोडाक्रोम फिल्म बंद केली. जानेवारी २०१२मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्याकडे उटीला १९६०मध्ये उभी राहिलेली हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी ‘इंदू’ नावानं फिल्म विकायची, तीही बंद पडली. फिल्मचा विषय संपला, असं सगळ्यांनी धरून टाकलं.

आता गेल्या काही वर्षांत काय झालं बघा. २०२२मध्ये लायकानं आपला जुना एम-६ हा फिल्म कॅमेरा नव्यानं बाजारात आणला. २०२३मध्ये आलेल्या ‘ओपनहायमर’साठी कोडॅकनं खास ६५ मिलिमीटरची कृष्णधवल फिल्म बनवली. जून २०२४मध्ये पेंटॅक्सनं ‘पेंटॅक्स १७’ हा कोरा करकरीत फिल्म कॅमेरा काढला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोडॅकनं रॉचेस्टरचा फिल्म कारखाना काही आठवडे थांबवला. कशासाठी? तर मागणी पुरवता यावी म्हणून यंत्रणा सुधारायला!

पण यात एक मेख आहे. फिल्म नव्यानं बनते आहे, स्वस्त रेंजफाइंडर मात्र बनत नाहीत. लायका बनवते, पण तो लाखांतला मामला. विद्यार्थ्याला परवडतील असे याशिका, कॅनन, मिनोल्टाचे रेंजफाइंडर बंद होऊन चाळीसेक वर्षं झाली. जगात आहेत तेवढेच नग. त्यातले काही दरवर्षी बिघडतात आणि मागणारे वाढतात. भाव चढणारच. म्हणून ‘लवकर घ्या, नाहीतर संपेल’ अशी घाई लावणारे विक्रेतेही वाढले. त्या घाईत पडू नका.

रेंजफाइंडर म्हणजे काय?

कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूला दोन छोट्या खिडक्या असतात. दोन्हींमधून येणारी प्रतिमा डोळ्याला एकावर एक दिसते. फोकस नसेल तर मधल्या पिवळट ठिपक्यात माणूस दुहेरी दिसतो. लेन्सची रिंग फिरवत गेलात की दोन्ही प्रतिमा जुळतात. जुळल्या की फोकस झाला. एवढंच.

एसएलआरमध्ये असतो तसा आरसा यात नसतो. त्यामुळे कॅमेरा लहान आणि आवाज कमी. गंजगोलाईत नाहीतर गोदावरीच्या घाटावर लोकांमध्ये मिसळून फोटो काढायचे असतील तर हे सोयीचं. तोटेही आहेत. तुम्ही लेन्समधून बघत नसता, म्हणून लेन्सचं झाकण लावून अख्खा रोल काढला तरी कळत नाही! आणि साधारण ८० सेंटिमीटरपेक्षा जवळचं यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांना जमत नाही. फुलावरची मधमाशी टिपायचा विचार असेल तर हा कॅमेरा तुमचा नाही.

ब्रँडचं दडपणही घेऊ नका. २० फेब्रुवारी १९६२ला जॉन ग्लेन या अमेरिकन अंतराळवीरानं पृथ्वीला प्रदक्षिणा घातली. तेव्हा फोटो काढायला त्यानं नेलेला ‘ॲन्स्को ऑटोसेट’ हा दुकानातून चाळीसेक डॉलरला घेतलेला साधा कॅमेरा होता. मूळचा मिनोल्टानं बनवलेला रेंजफाइंडर. अंतराळात तो चालला, कॉलेजच्या गॅदरिंगला चालेलच.

आता हिशोब

भाव रोज बदलतात, म्हणून आकडे आपण धरून चालू. समजा रंगीत रोल ८०० रुपये, धुऊन स्कॅन करायचे ४००, कुरिअरचे जाऊन-येऊन २००. झाले १,४००. रोलमध्ये ३६ फोटो. म्हणजे एक फोटो पडला जवळपास ३९ रुपयांना! महिन्याला एकच रोल काढला तरी वर्षाचे १६,८००. यात कॅमेरा धरलेलाच नाही. तुमच्या लॅबचे आणि दुकानाचे खरे आकडे घालून हेच गणित पुन्हा करून बघा.

कुरिअर कशाला धरलं? कारण फोटोची प्रिंट काढून देणारं दुकान गल्लोगल्ली आहे, पण रंगीत रोल धुणं वेगळं. त्याला सी-४१ नावाची प्रक्रिया लागते. तिची केमिकल्स ३८ अंशांच्या आसपास ठेवावी लागतात आणि वापर नसेल तर पडून खराब होतात. दिवसाला दहा-वीस रोल आले तर मशीन चालवणं परवडतं. महिन्याला दोन आले तर कोण चालवणार? मोठ्या शहरात गिऱ्हाईक गोळा होतं, जिल्ह्याच्या गावात होत नाही. म्हणून आपला रोल पुणे, मुंबई किंवा हैदराबादला जातो आणि तोच फोटो आपल्याला तिथल्या विद्यार्थ्यापेक्षा महाग पडतो. यात तुमची काही चूक नाही, पण बजेट मात्र तुमचं आहे.

यातून नियम सोपा निघतो. एकूण १० हजार असतील तर कॅमेऱ्यावर ५ हजारांच्या वर जाऊ नका. उरलेल्या पाचात तीन रोल धुऊन हातात येतात आणि सेल, किरकोळ दुरुस्तीला ८०० रुपये राहतात. १० हजारांचा कॅमेरा घेऊन तो रोलविना कपाटात ठेवण्यात काय मजा? पाचात चालू स्थितीतला रेंजफाइंडर मिळाला नाही, तर थांबा किंवा दोघांत मिळून घ्या. रोलच्या पैशाला हात लावू नका. आणि तीन-चार मित्रांचे रोल एकाच पाकिटात पाठवा, कुरिअर वाटून जातं.

मग घ्यायचा कोणता?

आधी घरचं कपाट बघा. पण तिथं रेंजफाइंडर सापडेलच असं नाही. बडोद्याला बनलेला आग्फा क्लिक-थ्री, याशिका एमएफ-२ किंवा कोडॅक केबी-१० निघण्याची शक्यता जास्त. यातला एकही रेंजफाइंडर नाही. पण फुकटातला कॅमेरा आहे, हात बसवायला उत्तम. फक्त क्लिक-थ्रीला नेहमीचा ३५ मिलिमीटरचा रोल चालत नाही. त्याला १२० नंबरचा लागतो आणि त्यात १२च फोटो येतात.

विकतच घ्यायचा असेल तर कॅमेरा देखणा किती यापेक्षा नांदेड-लातुरात तो चालू ठेवता येईल का, हे बघा.

• याशिका इलेक्ट्रो ३५: १९६६पासूनची मालिका. ४५ मिलिमीटर, एफ १.७ लेन्स, कमी उजेडात छान. ॲपर्चर तुम्ही ठरवा, शटर स्पीड तो ठरवतो. मूळचा पाऱ्याचा सेल आता बनत नाही, पण घड्याळाच्या दुकानात मिळणारे चार एलआर ४४ बटण सेल ॲडॉप्टरमध्ये बसवून काम भागतं. अडचण एकच, सेल संपला की शटर १/५०० या एकाच स्पीडवर चालतं. सगळी मदार इलेक्ट्रॉनिक्सवर, तेच बिघडलं तर दुरुस्ती अवघड.

• कॅनोनेट क्यूएल १७ जी-थ्री: १९७२चा. आकारानं लहान, रोल घालायला एकदम सोपा. सेल फक्त मीटरसाठी, शटर सेलशिवाय चालतं. याचाही पाऱ्याचा सेल बंद झालाय. त्याऐवजी श्रवणयंत्रात घालायचा ६७५ नंबरचा सेल बारीक रिंग लावून बसवतात. ट्रेण्डमुळे याचे भाव मात्र चढे असतात.

• झोर्की-४ किंवा फेड: सोव्हिएत बनावटीचे, दणकट, सेलची भानगडच नाही. उजेड मोजायला फोनवरचं मीटरचं ॲप पुरतं. एक पथ्य पाळा. फिल्म पुढे सरकवल्याशिवाय शटर स्पीड बदलायचा नाही, यंत्र बिघडू शकतं. आणि कुणी ‘सोनेरी लायका स्वस्तात’ म्हणालं तर सावध. असे अनेक नग म्हणजे नाव बदललेले झोर्की आणि फेडच असतात.

• ऑलिम्पस ट्रिप ३५: हा रेंजफाइंडर नाही, अंतर अंदाजानं लावायचं. पण सेल लागत नाही. लेन्सभोवतीची जाळी हातानं झाकून बटण दाबा. आत लाल पट्टी वर आली आणि शटर अडलं, तर मीटर जिवंत आहे.

हातात घेतल्यावर हे तपासा

ऑनलाइन जाहिरातीत ‘अनटेस्टेड’ लिहिलं असेल तर तो बिघडलेला आहे असं समजूनच भाव करा. परदेशातून मागवलात तर सीमाशुल्क आणि जीएसटी वेगळा. त्यापेक्षा पुण्याचा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार किंवा फोर्टातला बोरा बाजार, इथं कॅमेरा हातात घेऊन बघता येतो. नातेवाइकांकडे जाणं होईलच तेव्हा चक्कर टाका.

१. मोबाइलचा टॉर्च लेन्समधून मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. दमट हवेतून आलेल्या कॅमेऱ्यात जास्त सापडते.

२. लांबचा मनोरा किंवा मंदिराचा कळस बघा. फोकस अनंतावर ठेवल्यावर दोन्ही प्रतिमा जुळल्या पाहिजेत.

३. सगळे शटर स्पीड चालवून ऐका. १ सेकंद आणि १/५०० यांचा आवाज सारखाच येत असेल तर नमस्कार करून पुढे चला.

४. सेलचा कप्पा उघडा. हिरवी-पांढरी बुरी म्हणजे सेल गळलेला.

५. मागचं दार उघडा. कडेचा काळा स्पंज चिकट झाला असेल तर उजेड आत शिरतो. हा दोष मात्र घरी दुरुस्त होतो, त्यावर भाव पाडून मागा.

६. इलेक्ट्रो ३५ असेल तर लिव्हर ओढताना आतून ‘टक्’ आवाज यायला हवा. नाही आला तर आतला रबरी तुकडा झिजलाय.

ऊन, पाणी आणि मे महिना

खर्च कमी करायचा खरा रस्ता कृष्णधवल आहे. तो रोल घरी धुता येतो. १०० फुटांचा, म्हणजे साधारण ३० मीटरचा डबा घेतला तर त्यातून ३६ फोटोंचे अठराएक रोल भरता येतात. पाच जणांनी मिळून डबा, लोडर आणि धुण्याची टाकी घेतली तर प्रत्येकाचा भार हलका होतो.

पण पुस्तकात धुण्याचं तापमान २० अंश दिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी त्याच्या कितीतरी वर जातं. केमिकलची बाटली बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर सरळ हिवाळ्यात धुवा. आणि पाणी? २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तिथं नळाखाली रोल धरून बसणं शोभत नाही. इल्फर्ड कंपनीची पद्धत वापरा. टाकीत पाणी भरून ५ वेळा उलटी-सुलटी करा, ओता. मग १० वेळा, ओता. मग २० वेळा. तीन टाक्या पाण्यात रोल स्वच्छ.

ऊन मात्र आपल्या बाजूचं आहे. कडक उन्हात एफ १६ ठेवा आणि शटर स्पीड फिल्मच्या आयएसओच्या जवळपास, मीटर लागतच नाही. इथल्या दुपारी ४००चा रोल बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांच्या शेवटच्या टोकाला जातो, म्हणून बाहेर १०० किंवा २००चा घाला.

पैसे देण्याआधी स्टुडिओत जा

शेवटचं काम फुकटातलं आहे. तुमच्या गावातल्या सगळ्यात जुन्या फोटो स्टुडिओत जा आणि काकांशी बोला. रोल कुठं धुवायला पाठवायचा, कोणता मेकॅनिक अजून हात लावतो, कुणाच्या माळ्यावर कॅमेरा पडून आहे, हे ॲपपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं. अनेकांनी आयुष्यभर फिल्मवर लग्नं काढली, पुढाऱ्यांच्या सभा काढल्या. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्या दिवसांचे जे फोटो आपण आजही बघतो, तेही फिल्मवरचेच. मराठवाड्याच्या अशा कित्येक निगेटिव्ह कुठल्या ना कुठल्या डब्यात पडून असतील. दुकान बंद होताना अशा डब्यांची रद्दी होते.

फिल्मचा ट्रेण्ड दोन वर्षांत ओसरेल किंवा ओसरणार नाही. पण काकांची पिढी थांबली की रोल भरायला, शटर सोडवायला आणि निगेटिव्ह वाचायला शिकवणारं जवळपास कुणी उरणार नाही. कॅमेरा पुढच्या महिन्यातही मिळेल. काकांकडे या रविवारीच जा, आणि जमलं तर त्यांना विचारून त्या डब्यातल्या निगेटिव्ह फोनवर उतरवून घ्या. त्याला रोल लागत नाही.