यादी वाचली, पण पाहिले कोणी?

बँकेत असताना संध्याकाळी तिजोरी बंद करायच्या दोन किल्ल्यांपैकी एक बरीच वर्षे माझ्याकडे असे. रोख मोजायची, रजिस्टरात आकडा भरायचा, रोखपालाने सही करायची, मग मी. एका महिनाअखेरीला घाई होती. मी न मोजताच सही ठोकली. दुसऱ्या दिवशी शंभराच्या नोटांचे एक पाकीट, म्हणजे दहा हजार रुपये, कमी भरले. संशय अर्थातच रोखपालावर गेला. चार दिवसांनी ते पाकीट पन्नासाच्या नोटांच्या बंडलात सापडले. त्या चार दिवसांत तो जेवणाचा डबा न उघडता घरी परत नेत होता. मला मात्र कोणी काही विचारले नाही. माझी सही जागच्या जागी होती ना!

विमानाच्या कॉकपिटमधली तपासयादी कागदावर असावी की पडद्यावर, हा वाद वाचताना मला तो डबा आठवतो.

या यादीचा जन्मच एका अपघातातून झाला. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या राइट फील्डवर बोइंगचे चार इंजिनांचे नवे विमान उड्डाण करताच कोसळले. जमिनीवर उभे असताना शेपटीचे भाग वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेला अडसर काढायचा राहून गेला होता. वैमानिक निष्णात होता. पण यंत्र एवढे गुंतागुंतीचे झाले होते की स्मरणशक्तीवर विसंबणे धोक्याचे ठरले. मग कागदावर यादी आली. विदर्भातल्या उटी गावाशी वडिलांकडून नाते असलेले अमेरिकेतले शल्यविशारद अतुल गावंडे यांनी हीच कथा २००९ साली आपल्या पुस्तकात सांगितली आणि शस्त्रक्रियागृहातही अशी यादी हवी, असा आग्रह धरला.

कागदाचा गुण असा की तो बिघडत नाही, त्याला वीज लागत नाही. दोष असा की आपण कुठवर आलो, हे तो सांगत नाही. १६ ऑगस्ट १९८७ रोजी डेट्रॉइटला नॉर्थवेस्ट कंपनीच्या विमानाला ऐन वेळी धावपट्टी बदलून मिळाली. त्या गडबडीत धावपट्टीकडे जाताना वाचायची यादी वाचलीच गेली नाही. उड्डाणाला आधार देणारे पंखांचे फ्लॅप बाहेर काढलेले नव्हते आणि धोक्याची सूचना देणाऱ्या यंत्रणेला वीजच मिळत नव्हती. विमानातले १५४ आणि जमिनीवरचे दोघे, असे १५६ जण गेले. वाचली ती फक्त चार वर्षांची एक मुलगी.

पुढच्याच वर्षी, ३१ ऑगस्ट १९८८ रोजी, डल्लास-फोर्टवर्थला डेल्टा कंपनीच्या विमानात यादी रीतसर वाचली गेली. ‘फ्लॅप’ म्हणताच ठरलेले उत्तरही आले. पण चौकशीत निष्कर्ष निघाला की फ्लॅप लावलेलेच नव्हते. चौदा माणसे दगावली. उत्तर तोंडाने दिले, डोळ्यांनी नाही. माझ्या सहीचेच ते भावंड!

यावर उपाय म्हणून पडदा आला. १९९५ साली सेवेत आलेल्या बोइंग ७७७ मध्ये यादी पडद्यावर दिसते. जी गोष्ट यंत्राला स्वतःला कळते, ती पूर्ण होताच तिची ओळ हिरवी होते. जी कळत नाही, तिच्यापुढे वैमानिकाला खूण करावी लागते. मध्येच कोणी बोलावले, तरी कुठे थांबलो होतो ते पडदा विसरत नाही. डेट्रॉइटसारख्या गडबडीत याचे मोल केवढे, हे सांगायला नको.

पण त्याआधीच, नव्वदीच्या प्रारंभी, अमेरिकेच्या ‘नासा’ने बारा वैमानिक-जोड्यांना कृत्रिम कॉकपिटमध्ये बसवून तीन प्रकार पडताळले होते. एक कागद, दुसरा प्रत्येक ओळीला वैमानिकाची खूण मागणारा पडदा, आणि तिसरा आपणहून खुणा करणारा पडदा. त्या प्रयोगाने एक धोका दाखवला. यंत्र तपासते आहे म्हटल्यावर माणूस स्वतः तपासण्यात ढिला पडतो. आमच्या बँकेत संगणक आले, तेव्हा मी हे रोज पाहिले. पडदा विचारी, ‘खात्री केली?’ आणि बोट तबलजीच्या ठेक्यात होकाराचे बटण दाबत राही.

पडदा कधी कधी फार बोलतोही. ४ नोव्हेंबर २०१० रोजी सिंगापूरहून निघालेल्या क्वांटासच्या ए-३८० चे एक इंजिन फुटले. पडद्यावर बिघाडांच्या सूचनांची रांग लागली. त्या एकेक निस्तरायला वैमानिकांना सुमारे पन्नास मिनिटे लागली. विमानातले सर्व ४६९ जण सुखरूप उतरले, कारण तोवर विमान हवेत राहू शकले. उलट १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर विमान उतरवणाऱ्या वैमानिकांजवळ जेमतेम साडेतीन मिनिटे होती. दोन्ही इंजिने बंद पडल्यावर वाचायची त्यांची कागदी यादी खूप उंचावरच्या विमानासाठी लिहिलेली होती. ती पुरी होणे शक्यच नव्हते. तेव्हा कागद असो वा पडदा, वेळ किती आहे हे यादी लिहिणाऱ्याने आधी ओळखायला हवे.

आज आपण मुंबईहून नागपूरला ए-३२० ने जातो, तेव्हा रोजच्या कामांची यादी सहसा छापील कार्डावरून वाचली जाते आणि बिघाडाची पडद्यावरून. ७७७ मध्ये पडदा असूनही कागदी पुस्तिका हाताशी असतेच. मला ही वाटणी समंजस वाटते. कुठवर आलो ते यंत्राने लक्षात ठेवावे. प्रत्यक्ष पाहणे माणसाने करावे. एकाने विचारावे, दुसऱ्याने पाहून सांगावे. आणि पाहिले नसेल, तर ‘थांबा, पाहिलेले नाही’ असे म्हणणाऱ्या कनिष्ठावर वरिष्ठाने डोळे वटारू नयेत.

त्या संध्याकाळी माझा रोखपाल मला म्हणाला असता, ‘साहेब, मोजा ना,’ तर मी रागावलो असतो. त्याला ते ठाऊक होते, म्हणून तो गप्प राहिला. यादी कशावर लिहायची याइतकाच हाही प्रश्न महत्त्वाचा आहे.