केरो आणि काठवट

गेल्या उन्हाळ्यांत वर्ध्यास आमच्या दोघां पुतण्यांची वांटणी झाली. तांब्यापितळेचीं भांडीं तोलून वांटलीं गेलीं. माळ्यावरची लांकडी काठवट मात्र दोघांनींहि नाकारली. ती भंगारांत जावयाची, तोंच दक्षिण अमेरिकेंतील 'केरो' नांवाच्या लांकडी पेल्याविषयीं आमच्या वाचनांत आलें.

केरो हा अँडीज पर्वतांतील लोकांचा रुंद तोंडाचा उंच पेला. मक्याचें 'चिचा' नांवाचें आंबविलेलें पेय त्यांतून पीत. इंका राजांच्या काळीं त्यावर बहुधा रेघांची कोरीव नक्षी असे. १५३२ सालीं स्पॅनिश लोकांनीं पेरूंत सत्ता बळकावल्यानंतर वनस्पतीच्या राळेंत रंग मिसळून राजे, राण्या, फुलें व पक्षी त्यावर चितारूं लागले. परंतु आम्हांस विशेष वाटलें तें हें, कीं हे पेले जोडीनें घडवीत. एक यजमानाचा, दुसरा पाहुण्याचा. दोघांनीं बरोबर प्यालें म्हणजे स्नेहाचें वचन दिल्यासारखें होई. अताहुआल्पा राजानें सोन्याच्या पेल्यांतून दिलेली चिचा स्पॅनिश माणसानें ओतून टाकली व राजास तो अपमान वाटला, असें त्याच घराण्यांतील तितू कुसी यानें १५७० सालच्या आपल्या वृत्तान्तांत सांगितलें आहे.

पिण्याचें लांकडी पात्र आपणांसहि परकें नाहीं. सोमयागांतील चमस लांकडाचेच असत. कोणता कोणत्या ऋत्विजाचा हें ओळखतां यावें म्हणून त्यांचे दांडे निरनिराळे करीत. आपल्या पूर्वजांनीं पेला ज्याचा त्याचा राखला. अँडीजच्या लोकांनीं दोघांस सारखे पेले दिले. एकत्र कुटुंबास या दोन्ही गोष्टी लागतात. ज्याचें त्यास मिळावें हें खरें. पण कांहीं तरी दोघांचें मिळूनहि असावें.

ही हकीकत आम्हीं घरांत वाचून दाखविली. पुतणे गप्प बसले. थोरल्या सूनबाईंनीं मात्र काठवट खालीं काढविली, धुऊन वाळविली व तेलाचा हात फिरवून ओट्यावर ठेविली. यंदाच्या संक्रांतीस दोन्ही घरच्या गुळाच्या पोळ्यांची कणीक तींतच मळली गेली.

वाचकांच्या घरींहि माळ्यावर असें एखादें लांकडी भांडें पडलें असेल. तें भंगारवाल्यास देण्यापूर्वीं घरांतील वडील बायकांस त्याचें नांव व उपयोग विचारून ठेवावा.